बारा शब्दांची किल्ली

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. एका रविवारी सकाळी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका लहानशा कारखान्यात तो साचे बनविण्याच्या कामावर आहे. हातात दुधाची रिकामी पिशवी आणि पिशवीत घडी घातलेला एक कागद. प्रयोगवहीतून फाडलेला तो कागद मी लांबूनच ओळखला.

"सर, यावर बारा शब्द होते. खिडकीतून पाणी आले आणि सातवा शब्द पसरला. पहिली दोन अक्षरे तेवढी दिसतात."

तो कागद उलगडू लागला तसे मी त्याला थांबविले. "मला दाखवू नकोस. काय झाले ते नुसते सांग."

हकीकत अशी. दोन वर्षांपूर्वी त्याने एक कूटचलन, म्हणजे ज्याला सगळे क्रिप्टो म्हणतात तसले एक चलन, घेतले होते. बिटकॉइन किंवा ईथर नव्हे, फारसे कोणी नावही ऐकले नसेल असे. दोन पगारांएवढी रक्कम त्यात गेली होती. ते त्याने मोबाइलमधल्या एका 'पाकिटात' ठेवले. पाकीट प्रथम उघडताना पडद्यावर बारा इंग्रजी शब्द आले आणि ते कागदावर उतरवून घ्या अशी सूचना आली. त्याने ते इमानदारीने उतरवून घेतले. आता मोबाइल पाण्यात पडून कायमचा बंद पडला आणि नव्या मोबाइलवरचे पाकीट ते बारा शब्द मागत होते.

इथपर्यंत ठीक होते. पण त्याला कोणीतरी फोनवर गाठले होते. हरवलेली पाकिटे उघडून देतो, अकरा शब्द पाठवा, बारावा आम्ही शोधतो, मिळालेल्या रकमेतले दहा टक्के आमचे, असा त्याचा प्रस्ताव होता. "अकराच तर द्यायचे आहेत सर, पुरे बारा नाहीत. एक शब्द त्यांच्याकडे नसणारच," असा त्याचा हिशेब. तो बरोबर आहे का, एवढे विचारायला तो आला होता.

विद्यार्थी मित्रांनो, हा हिशेब साफ चूक होता. का चूक होता हे पाहायचे तर आधी पाकिटात नेमके काय असते ते पाहिले पाहिजे.

पाकिटात पैसे नसतात

'पाकीट' हा शब्दच फसवा आहे. आपल्या खिशातल्या पाकिटात नोटा असतात. कूटचलनाच्या पाकिटात चलनाचा एक कणही नसतो. चलन असते एका मोठ्या खातेवहीत, आणि या खातेवहीच्या हजारो प्रती जगभरच्या संगणकांवर एकाच वेळी असतात. अमुक पत्त्यावर अमुक इतकी नाणी, अशी त्यात नोंद असते. पाकिटात असते ती फक्त एक संख्या. ती संख्या ज्याला ठाऊक असेल तो त्या पत्त्यावरची नाणी दुसरीकडे पाठवू शकतो. ती आपल्याशिवाय कोणालाही ठाऊक नसावी म्हणून तिला खाजगी किल्ली म्हणतात.

संख्या गुप्त ठेवायची आणि तरी ती आपल्याकडे आहे हे जगाला पटवून द्यायचे, हे कसे जमते? यासाठी लागते अशी एक क्रिया, जी एका दिशेने सोपी आणि उलट दिशेने अवघड असेल. वहीवर करता येईल असे उदाहरण घेऊ. ३ चे घात करीत जा, आणि प्रत्येक उत्तराला १७ ने भागून फक्त बाकी लिहा. पहिल्या घाताला ३, दुसऱ्याला ९, तिसऱ्याला २७ मधून १७ वजा जाऊन १०. पुढे १३, ५, १५, ११, १६, १४, ८, ७, ४, १२, २, ६ आणि सोळाव्या घाताला १. पाहा, १ ते १६ पर्यंतची प्रत्येक संख्या एकदाच आली, पण क्रमाला काही ताळतंत्र नाही. ३ च्या तेराव्या घाताची बाकी किती, हे सहज काढता येते. पण बाकी ११ येण्यासाठी कितवा घात लागतो, असे विचारले तर यादी चाळण्याखेरीज सोपा मार्ग दिसत नाही. (उत्तर: सातवा.)

पुढे जाण्याचा रस्ता तर आणखी सोपा करता येतो. ३ चा वर्ग ९, त्याचा वर्ग ८१ म्हणजे बाकी १३, तिचा वर्ग १६९ म्हणजे बाकी १६. तीन वर्गांत आपण आठव्या घातावर पोचलो. अशा उड्या मारीत गेले की अठ्ठ्याहत्तर अंकी घातसुद्धा काही शे गुणाकारांत येतो. उलट येताना मात्र अशा उड्या कोणालाही सापडलेल्या नाहीत. १७ च्या जागी प्रचंड मूळ संख्या आणि साध्या गुणाकाराच्या जागी एका वक्रावरील बिंदूंची बेरीज घेतली, की बिटकॉइन, ईथर आणि इतर बहुतेक चलनांची पद्धत मिळते. घात ही खाजगी किल्ली. आलेले उत्तर ही जाहीर किल्ली, जिच्यावरून तुमचा पत्ता तयार होतो. व्यवहाराच्या मजकुरावर खाजगी किल्लीने एक गणिती सही करायची, आणि जाहीर किल्लीच्या साहाय्याने कोणीही ती सही तपासायची. किल्ली स्वतः कधीच बाहेर येत नाही, निदान येऊ नये.

बारा शब्द कुठून आले?

अठ्ठ्याहत्तर अंकी संख्या माणसाला बिनचूक उतरवून घेणे कठीण. म्हणून एक युक्ती काढली गेली. २०४८ सोप्या इंग्रजी शब्दांची एक ठरलेली यादी आहे. ती सर्वांना खुली आहे, गुप्त नाही. शब्द असे निवडले आहेत की पहिल्या चार अक्षरांवरून प्रत्येक शब्द निश्चित ओळखता यावा. २०४८ हाच आकडा का? कारण तो २ चा अकरावा घात आहे. एक नाणे अकरा वेळा उडवा, छापा आला तर १ आणि काटा आला तर ० लिहा. ही अकरा चिन्हे यादीतला एक शब्द ठरवितात. बारा शब्दांना १३२ चिन्हे लागतात. यांतली १२८ चिन्हे नाणेफेकीसारखी यदृच्छेने येतात आणि शेवटची ४ आधीच्या १२८ वरून हिशेबाने काढतात. आधार क्रमांकाचा शेवटचा अंक जसा आधीच्या अकरा अंकांची पडताळणी करण्यासाठी असतो, तसाच हा प्रकार. मनाला येतील ते बारा शब्द लिहिले तर सोळांत सरासरी एकदाच ही पडताळणी जुळते.

बारा शब्द, आणि क्वचित आपण स्वतः ठेवलेला एखादा सांकेतिक शब्द, यांवरूनच पाकीट सगळ्या किल्ल्या पुन्हा तयार करते. मोबाइल जळाला, बुडाला, चोरीला गेला तरी चालते. उलट मोबाइल तुमच्या खिशात असला आणि शब्द दुसऱ्याकडे असले, तर चलन त्याचे.

आता शब्द ओळखून काढायला किती वेळ लागेल ते मोजू. समजा, एखाद्या चोराकडे सेकंदाला एक लाख कोटी तर्क करणारे यंत्र आहे. (प्रत्यक्षात इतक्या वेगाने जाता येत नाही; शब्दांपासून किल्ली काढताना पाकिटाला तेच दळण मुद्दाम २०४८ वेळा दळावे लागते. पण चोराला झुकते माप देऊ.) बाराही शब्द अज्ञात असतील तर शक्यता २ चा १२८ वा घात, म्हणजे सुमारे ३४ वर सदतीस शून्ये. त्या यंत्राला लागतील साधारण १ वर एकोणीस शून्ये इतकी वर्षे. विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे आहे. त्याच्या सत्तर-ऐंशी कोटी पट!

मग सहा शब्द कळले तर? निम्मा काळ लागेल असे वाटते. गणित तसे सांगत नाही. उरलेल्या सहा शब्दांच्या शक्यता २ चा ६६ वा घात. त्यांतल्या सोळांत एकच पडताळणीला उतरते, म्हणजे उरला २ चा ६२ वा घात. त्याच यंत्राला लागतील ५३ दिवस. आठ शब्द कळले तर एखाद्या सेकंदाचे काम. आणि अकरा कळले तर? राहिलेल्या एका जागी २०४८ शब्द बसू शकतात, त्यांतले पडताळणीला उतरणारे सरासरीने फक्त १२८. याला यंत्र कशाला हवे? एक माणूस दुपारभर बसला तर हाताने करील.

बाराही शब्द दिले पण उलटसुलट क्रमाने दिले, तरी तीच गत. बारा वस्तूंचे क्रम ४७,९०,०१,६०० होतात. आपल्याला हा आकडा मोठा वाटतो. संगणकाला वाटत नाही.

माझ्या विद्यार्थ्याने हे आकडे वहीत स्वतः मांडले. अकरा शब्द देणे म्हणजे बारा देणे, हे त्याला कोणी सांगून पटले नसते. १२८ हा आकडा समोर आला तेव्हा पटले. त्याने तो फोन नंबर माझ्यासमोरच खोडून टाकला.

त्यानंतर सातव्या शब्दाचा शोध घेतला, तो त्याच हिशेबाने. दिसत असलेली अक्षरे होती एस आणि टी. (आपल्याला लाल डबा आठवतो, पण यादीत तो नाही.) एस-टीने सुरू होणारे यादीतले शब्द तीसेक. आम्ही एक जुना संगणक घेतला, त्याचे इंटरनेट तोडले, आणि तपासणीचा खुला प्रोग्राम त्यावर आधीच उतरवून ठेवला होता तो चालविला. शब्द त्यानेच टंकले. मी तेवढ्या वेळात चहा ठेवला. पडताळणीला दोनच शब्द उतरले. एकापासून निघालेल्या पत्त्यावर काहीच नव्हते, दुसऱ्यापासून निघालेला पत्ता त्याचा होता. शब्द कोणता होता ते मी विचारले नाही. संगणकाची डिस्क पुसून टाकली.

संख्या जन्मली कशी?

शोध लागल्यावर साहजिकच त्याचा पुढचा प्रश्न आला. "आता नवे पाकीट कोणते घेऊ? आमच्या चलनासाठी पुष्कळ जण पुष्कळ नावे सांगतात."

पाकिटाची परीक्षा मी तीन ठिकाणी करतो. संख्या जन्मताना, ती साठविताना आणि तिने सही करताना.

वरचा सगळा हिशेब एका गृहीतावर उभा होता, की १२८ चिन्हे खरोखर यदृच्छेने आली. संगणकाला नाणे उडविता येत नाही. तो सूत्राप्रमाणे चालतो, आणि सूत्राला सुरुवातीची एखादी संख्या द्यावी लागते. लिबबिटकॉइन नावाच्या एका जुन्या व खुल्या प्रोग्राममध्ये ही सुरुवात संगणकाच्या घड्याळावरून, अवघ्या ३२ चिन्हांची घेतली जात होती. बाहेरून पाहता शब्द नेहमीसारखेच दिसत. पण आतून शक्यता होत्या फक्त २ चा ३२ वा घात, म्हणजे ४२९ कोटी. २०२३ च्या जुलैत चोरांनी अशी पाकिटे एकामागून एक रिकामी केली. घड्याळ शून्यावर असताना त्या प्रोग्राममधून निघणारे पहिले दोन शब्द 'मिल्क' आणि 'सॅड' होते, म्हणून शोधकांनी या दोषाला तेच नाव ठेवले. पेटी पोलादी होती, पण कुलपाला किल्ल्याच थोड्या होत्या.

अपरिचित चलनांच्या बाबतीत याहून विचित्र घडले आहे. आयोटा नावाच्या चलनाला बारा शब्द नव्हते. त्याऐवजी २६ इंग्रजी अक्षरे आणि ९ हा अंक यांतून निवडलेली ८१ चिन्हे लागत. त्या काळचे त्याचे पाकीट ही चिन्हे स्वतः तयार करून देत नसे. तेव्हा लोक ती तयार करून देणाऱ्या एका संकेतस्थळाकडे गेले. संकेतस्थळवाल्याने चिन्हे दिली, आणि कोणाला कोणती दिली तेही टिपून ठेवले. २०१८ च्या जानेवारीत त्याने एकदम हात मारला. वर्षभराने इंग्लंडमधल्या ऑक्सफर्ड येथे एकाला अटक झाली, तेव्हा युरोपच्या पोलिसांनी नुकसानीचा आकडा सुमारे एक कोटी युरो सांगितला. गंमत म्हणजे या लोकांनी आपली चिन्हे कोणाला 'दिली' नव्हतीच. त्यांनी ती दुसऱ्याकडून घेतली होती, एवढेच. पण गुपित दोघांना ठाऊक असेल तर ते कोणी कोणाला सांगितले याला अर्थ नसतो.

संख्या साठविताना

दुसरी परीक्षा साठवणुकीची. २०२२ च्या ऑगस्टमध्ये सोलाना या चलनाची नऊ हजारांहून अधिक पाकिटे रिकामी झाली. तपासात दिसले की ही पाकिटे कधी ना कधी 'स्लोप' नावाच्या मोबाइल पाकिटात उघडली गेली होती, आणि स्लोप आपल्या बिघाडांची नोंद ठेवताना लोकांचे गुप्त शब्दही सरळ वाचता येतील असे आपल्या सर्व्हरकडे पाठवीत होते. चोरी करण्याचा हेतू असावा लागतोच असे नाही, निष्काळजीपणा पुरतो.

म्हणून मोठी रक्कम असेल तर इंटरनेटला न जोडलेल्या लहान यंत्रात, हार्डवेअर पाकिटात, किल्ली ठेवण्याचा प्रघात पडला. आपला संगणक व्यवहाराचा मजकूर यंत्राकडे पाठवितो, यंत्र आतल्या आत सही करते आणि फक्त सही बाहेर देते. असे यंत्र मूळ कंपनीकडूनच घ्यावे. ज्या यंत्रासोबत छापील शब्द आधीच आले असतील ते फेकून द्यावे. का ते आयोटाच्या गोष्टीवरून कळेल.

पाकिटाचा प्रोग्राम खुला आहे की बंद, हेही पाहावे. खुला प्रोग्राम चोरांनाही वाचता येतो, मग तो सुरक्षित कसा, असे विद्यार्थी नेहमी विचारतात. याचे उत्तर ऑग्युस्त केर्कहॉफ्स याने १८८३ मध्येच देऊन ठेवले आहे. कुलपाची रचना शत्रूला कळली तरी चालले पाहिजे. गुप्त असावी ती किल्ली. लालबागमध्ये अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ मध्ये कुलपे बनवायला सुरुवात केली. ज्याला हवे त्याने ते कुलूप विकत घ्यावे, उघडून आतली रचना पाहावी. त्यामुळे कोणाची तिजोरी फुटली नाही. अर्थात खुला प्रोग्राम म्हणजे तपासलेला प्रोग्राम नव्हे. लिबबिटकॉइनही खुलेच होते. कोणीतरी तो खरोखर वाचावा लागतो, आणि इथेच अपरिचित चलनाची खरी अडचण आहे. बिटकॉइनचे पाकीट हजारो जाणकार चाळतात. ज्या चलनाचे पाकीट चारच माणसांनी लिहिले आणि दोघांनी वाचले, त्यातली चूक सापडण्याचा मान बहुधा चोराला मिळतो.

सही कशावर केली?

"मग एवढे सांभाळण्यापेक्षा एक्स्चेंजवरच ठेवले असते तर?" माझ्या विद्यार्थ्याने विचारले. एक्स्चेंज म्हणजे जिथे कूटचलनाची खरेदीविक्री होते ती कंपनी. तिच्याकडे ठेवले तर किल्ली तिची, आपल्या नावावर तिच्या वहीत फक्त नोंद.

त्याचे उत्तर आपल्या मुंबईतच आहे. वझीरएक्स हे २०१८ मध्ये सुरू झालेले मुंबईचे एक्स्चेंज. त्याने ग्राहकांच्या ठेवीचा मोठा भाग अनेक सह्यांच्या पाकिटात ठेवला होता. बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात हे तुम्ही पाहिले असेल. एक ग्राहकाची, एक बँकेची. तोच विचार इथे होता. सहा किल्ल्या होत्या: पाच वझीरएक्सच्या माणसांकडे, एक लिमिनल नावाच्या, अशी पाकिटे सांभाळणाऱ्या कंपनीकडे. पाचांपैकी तिघांनी हार्डवेअर पाकिटाने सही करायची, मग लिमिनलने शेवटची. एखादी किल्ली चोरून काही साधणार नाही, अशी ही रचना.

१८ जुलै २०२४ रोजी या पाकिटातून सुमारे २३ कोटी डॉलर, म्हणजे २,००० कोटी रुपयांच्या आसपासचे चलन निघून गेले. कंपनीजवळच्या ठेवींचा हा जवळजवळ ४५ टक्के भाग. त्यात सुमारे ५ कोटी डॉलरचा ईथर होता, पण सर्वांत मोठा वाटा होता शिबा इनू या टोकनचा, सुमारे १० कोटी डॉलर. आणि त्यासोबत पेपे, फ्लोकी, गाला असली कितीतरी लहान चलने. २०२५ च्या जानेवारीत अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरिया यांनी संयुक्त निवेदन काढून या चोरीचा ठपका उत्तर कोरियाच्या हॅकरांवर ठेवला.

किल्ली चोरली कशी? विद्यार्थी मित्रांनो, किल्ल्या चोरण्याची गरजच पडली नव्हती. सह्या खऱ्या होत्या. वझीरएक्सच्या म्हणण्याप्रमाणे संगणकाच्या पडद्यावर नेहमीचा व्यवहार दिसत होता आणि प्रत्यक्षात सहीसाठी गेलेला मजकूर वेगळा होता. त्या मजकुराने पाकिटाचा ताबाच दुसऱ्याच्या प्रोग्रामकडे दिला. आपल्या यंत्रणेत शिरकाव झालेला नाही असे लिमिनलने सांगितले, आणि दोन्ही कंपन्यांनी एकमेकींकडे बोट दाखविले. त्या वादात आपण पडायला नको. आपल्या कामाचा मुद्दा वेगळा आहे. लॉकरच्या खोलीत आपण आपली पेटी डोळ्यांनी पाहतो. इथे सही करणारा माणूस पाहतो तो पडदा, आणि सही होते ती पडद्यामागच्या आकड्यांवर. २१ फेब्रुवारी २०२५ रोजी बायबिट या एक्स्चेंजमधून सुमारे दीडशे कोटी डॉलर गेले तेही याच रीतीने: दाखविले एक, सही दुसऱ्यावर.

वझीरएक्सच्या ग्राहकांचे पैसे चोरीनंतर अडकले. सिंगापूरच्या न्यायालयाने परतफेडीच्या योजनेला मान्यता देऊन व्यवहार पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडला. बँकेच्या लॉकरला आग लागली, चोरी झाली किंवा कर्मचाऱ्याने अफरातफर केली, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ जानेवारी २०२२ पासून वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत बँकेची जबाबदारी असते. कूटचलनाच्या पाकिटाला असा कोणताही नियम नाही. त्याच्या नफ्यावर २०२२ पासून ३० टक्के कर मात्र आहे.

अपरिचित चलनाचा इथेही संबंध येतो. हार्डवेअर पाकिटाच्या चिमुकल्या पडद्यावर साधा व्यवहार वाचता येतो: इतके ईथर, या पत्त्याला. पण यंत्राला ज्या चलनाची किंवा प्रोग्रामची ओळख नाही, त्याच्या व्यवहाराचे भाषांतर त्याला करता येत नाही. मग पडद्यावर नुसती अंक-अक्षरांची लांबलचक माळ येते आणि आपण 'मान्य' हे बटण दाबतो. याला आंधळी सही म्हणतात. न वाचता येणाऱ्या स्टँप पेपरवर आपण अंगठा उठविणार नाही. मग इथे तरी का?

मग कोणते?

माझ्या विद्यार्थ्याला मी पाकिटाचे नाव सांगितले नाही. नावे वर्षा-दोन वर्षांत बदलतात. २०२३ च्या जूनमध्ये 'अॅटॉमिक' नावाचे, शेकडो चलने एकत्र ठेवणारे लोकप्रिय पाकीट फुटले आणि सुमारे दहा कोटी डॉलर गेले. त्याच्या आदल्या महिन्यात त्याची शिफारस करणारे कमी नव्हते. त्याला मी दोन-तीन प्रश्न मात्र दिले.

पहिला: तुझे चलन स्वतःच्या खातेवहीवर आहे, की दुसऱ्याच्या खातेवहीवरचे टोकन आहे? शिबा इनूला स्वतःची खातेवही नव्हती. तो ईथरच्या खातेवहीवरील एका प्रोग्राममधला हिशेब होता. लहान चलनांपैकी पुष्कळशी अशीच असतात. अशा टोकनला खास पाकीट लागत नाही. ईथर ठेवणारे कोणतेही जुने, तपासलेले पाकीट चालते. 'या टोकनसाठी हेच आमचे पाकीट उतरवून घ्या' असे कोणी म्हणाला तर तिथेच शंका घ्यावी. टोकनचे नाव कोणीही कोणालाही देऊ शकतो; खरी ओळख असते ती त्याच्या प्रोग्रामच्या पत्त्यावरून, आणि तो पत्ता पूर्ण जुळवून पाहावा, पुढची-मागची चार अक्षरे पाहून थांबू नये.

चलन स्वतःच्या खातेवहीवरचे असेल तर निवड फार थोडी उरते. तिथे पाहायचे की प्रोग्राम खुला आहे का, किती वर्षे टिकला आहे, एखादे जुने हार्डवेअर पाकीट त्याला ओळखते का. आणि शब्दांची पद्धत सर्वमान्य आहे का, कारण पाकीट बनविणारे उद्या दुकान बंद करून गेले तर त्याच शब्दांनी दुसरे पाकीट उघडले पाहिजे. मोनेरो या चलनाची मूळ पद्धत पंचवीस शब्दांची आहे, यादीही वेगळी. तेव्हा शब्दांबरोबर ते कोणत्या पद्धतीचे, हेही लिहून ठेवावे. चलनाच्या मूळ संस्थेचे अधिकृत पाकीट म्हणून निर्धास्त राहू नये. आयोटाचेच अधिकृत ट्रिनिटी पाकीट २०२० च्या फेब्रुवारीत फुटले, त्यात जोडलेल्या एका बाहेरच्या सेवेच्या वाटेने. तेव्हा चोरी थांबविण्यासाठी आयोटाच्या संस्थेने सगळी खातेवहीच सुमारे महिनाभर थांबविली! ज्यांचे काही चोरीला गेले नव्हते त्यांचेही व्यवहार बंद. मालकी आपली, की खातेवहीचा मुख्य खटका ज्याच्या हाती त्याची, असा प्रश्न त्या महिन्यात अनेकांना पडला असेल.

दुसरे, प्रयोग. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत नवे उपकरण आले की आम्ही आधी माहीत असलेली राशी त्यावर मोजतो. पाकिटाचेही तसेच करावे. थोडीशी रक्कम टाकावी. मग पाकीट मुद्दाम पुसून टाकावे आणि कागदावरच्या शब्दांनी पुन्हा उघडावे. रक्कम दिसली आणि बाहेर पाठविता आली, तरच बाकीची रक्कम आत घालावी. हा प्रयोग दोन वर्षांपूर्वी केला असता तर सातव्या शब्दाचे दोन प्रकारचे हस्ताक्षर तरी जवळ राहिले असते, असे मी त्याला म्हटले. तो हसला नाही.

(शालेय वाचकांसाठी: अठरा वर्षांखालच्यांना आपल्याकडे एक्स्चेंजवर खाते उघडता येत नाही, आणि चलन घ्या असे सांगण्याचा या लेखाचा हेतूही नाही. पण अकरा नाणेफेकींतून एक शब्द काढण्याचा खेळ वर्गात जरूर करा. अशा सापडलेल्या शब्दांवर खरे पैसे मात्र ठेवू नका, कारण ते साऱ्या वर्गाने पाहिलेले असतील.)

जुना कागद घरात उघडा पडला होता, फोटोही काढला होता की नाही हे त्याला आठवेना. म्हणून नवे शब्द घेऊन चलन नव्या पत्त्यावर हलवायचे ठरले. तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आली. त्याचे चलन ईथरच्या खातेवहीवरचे टोकन होते, आणि ते हलविण्याचे शुल्क टोकनमध्ये नव्हे, ईथरमध्ये द्यावे लागते. त्याच्या पत्त्यावर दोन पगारांचे टोकन होते आणि ईथर शून्य. बैलगाडी भरलेली, बैल नाहीत! थोडे ईथर मागवून ते काम दुसऱ्या दिवशी झाले.

पुढच्या रविवारी तो पुन्हा आला, तेव्हा पिशवीत कागद नव्हता. कारखान्यातल्या अक्षरांच्या पंचांनी त्याने स्टेनलेस स्टीलच्या पट्टीवर बारा शब्द ठोकून घेतले होते, प्रत्येकाची पहिली चार अक्षरे. अशी दोन प्रती, एक मरोळला आणि एक गावी आईकडे. हे पोलाद १४०० अंश सेल्सिअसपर्यंत वितळत नाही आणि त्यावर पावसाचा परिणाम होत नाही, हे त्याने मला सांगितले. मी पट्टी पाहायला हात पुढे केला.

"नाही सर," तो म्हणाला, आणि पिशवी मागे घेतली.